फोन भांड्याजवळ धर

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पच्या बाजारात केकच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे आयसिंग शुगर मागितली की मिळेलच असं नाही. माल नसतो असं नव्हे. मागच्या मांडणीवर पाकिटांची चळत आपल्याला दिसत असते. पण गल्ल्याशेजारच्या स्टुलावर दुकानाचे म्हातारे मालक, साईं, बसलेले असले तर आधी उलटतपासणी होते. कशाला हवी, घरी टोपात काय आहे, त्यात आधी किती साखर गेली आहे. उत्तर पटलं नाही तर म्हातारा मान हलवून सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. धंदा करायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला माल द्यायचा नाही म्हणतो, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं आणि खरं सांगते, असलं डोकं फिरलं होतं माझं.

तो माझ्या केकचा पहिलाच उन्हाळा. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं वन बीएचके. मी आधी एका शाळेच्या ऑफिसात होते, ते काम सुटल्यावर घरूनच केक करायचे असं ठरवलं. शेजारणीच्या मुलाच्या वाढदिवसाची ऑर्डर होती. क्लासमध्ये शिकवलं होतं की आयसिंग पातळ झालं तर साखर वाढवा. मी वाढवली. ते आणखी पातळ झालं. मी आणखी वाढवली. घरातलं पाकीट संपलं, केकवरून पांढरे ओघळ खाली यायला लागले, तेव्हा नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि थेट उल्हासनगर गाठलं, कारण आमच्या जवळचं दुकान दुपारचं बंद असतं.

साईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही देणार."

मी म्हटलं, अहो, पैसे देतेय ना मी. ते म्हणाले, पैसे ठेव तुझ्याकडे, भांडं घेऊन ये. मला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. तणतणत चार दुकानं सोडून पलीकडे साखर घेतली, घरी आले, घातली, आणि टोपात जे तयार झालं त्याला खाण्याची वस्तू म्हणायची माझी हिंमत होईना. मग झक मारत टोपाला फडकं बांधलं आणि पुन्हा स्कूटरवर बसले. नवरा वाटेत एक अक्षर बोलला नाही. शहाणा माणूस आहे.

साईं हे काही त्यांचं नाव नव्हे. सिंधी लोक मानाच्या माणसाला साईं म्हणतात, आणि बाजारातले मराठी हमाल, रिक्षावाले, आमच्यासारख्या बायका, सगळेच त्यांना तेच म्हणायचे. बुटके, गोरे, कानाच्या पाळ्या लांब, आणि बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाशी बटण लावलेला. उन्हाळ्यातसुद्धा. डोक्यावर पंखा असायचा पण तो त्यांनी कायम बंद ठेवलेला, कारण वारा लागला की काउंटरवरचा मस्का खरं बोलत नाही म्हणे. हा मस्का म्हणजे एका स्टीलच्या वाटीत ठेवलेला बोटभर लोण्याचा गोळा. साईं दर थोड्या वेळाने त्यात अंगठा दाबायचे आणि त्या दिवसाचं हवामान जाहीर करायचे. "आज मस्का रोता है. आज क्रीमचं काम घेऊ नका कोणी." मोबाइलमध्ये काय दाखवतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

तर माझा टोप त्यांनी उघडला. चाखला नाही, कारण त्यांना मधुमेह होता आणि गोड ते जिभेला लावत नसत. चमचा बुडवला, वर धरला, थेंब पडताना बघितला आणि विचारलं, "मस्का कुठला?"

मी ताठ मानेने सांगितलं, घरचा. आमच्या सासूबाई बारवी धरणाच्या पलीकडच्या गावच्या. त्यांचा भाऊ अजून म्हशी ठेवून आहे, तो साय पाठवतो आणि सासूबाई स्वतः रवीने घुसळून लोणी काढतात. बाजारचा मस्का आमच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. हे मी दुकानात जरा मोठ्यानेच सांगितलं असणार, कारण शेजारच्या दोन बायकांनी कौतुकाने पाहिलं.

"लोणी अच्छा है," साईं म्हणाले. "पण त्यात ताक आहे, बेटा. साखर जाऊन त्या ताकात बसते. तू जितनी डालेगी उतना पाक बनेगा. तू आयसिंग नाही करत, तू पाक करतेस."

एवढं बोलून त्यांनी मला मलमलचा तुकडा कापून दिला. लोणी बर्फाच्या पाण्यात धू, हाताने मळ, कपड्यात बांध, पिळ, पाणी यायचं थांबेपर्यंत पिळ. साखर अजिबात नको, आहे ती जास्त झाली आहे. मी घरी जाऊन नव्या लोण्यावर तसं केलं, तर फडक्यातून वाटीभर पाणी निघालं. त्या वाटीभर पाण्यासाठी मी दोनदा उल्हासनगर गाठलं होतं. केक एकदाचा उभा राहिला.

सासूबाईंना मात्र हे लागलं. कोण कुठला म्हातारा, त्याने न बघता माझ्या लोण्यात पाणी आहे म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर घरात तोच विषय. नंतर एकदा पाहिलं तर त्या लोणी एकाऐवजी तीनदा गार पाण्यातून काढत होत्या.

पुढे मी त्या दुकानात जातच राहिले आणि साईं हळूहळू कळत गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आयसिंग पातळ होणं म्हणजे ताप येणं. तापाची गोळी कुठेही मिळते, पण ताप कशाने आला ते कोणी बघत नाही. टोप गरम होता का, दूध फ्रिजमधून काढून किती वेळ झाला होता, स्ट्रॉबेरी धुऊन पुसली होती की तशीच घातली, हे विचारल्याशिवाय ते कोणाला काही द्यायचे नाहीत. अंबरनाथची एक बाई कच्चा कॉर्नफ्लोअर घालून आयसिंग घट्ट करायची. तिला त्यांनी दुकानात सगळ्यांसमोर तिच्याच डब्यातला चमचाभर खायला लावला. बाई खाकरली, पाणी प्यायली, आणि मग स्वतःच हसायला लागली. पीठ घालायचं तर दुधात शिजवून घाल, असं त्यांनी तिला शिकवलं आणि फुकट शिकवलं. रागावली की काय म्हणून मी तिला बाहेर विचारलं, तर म्हणाली, माझ्या आईनंतर असं कोणी ओरडलंच नव्हतं मला.

पण साईंचं खरं नाव झालं होतं ते फोनमुळे.

क्रीम फेटताना बीटरचा आवाज बदलत जातो. सुरुवातीला छपछप, पातळ. मग भर्रर्र. मग क्रीम दाटलं की मोटरवर वजन येतं आणि आवाज खाली बसतो, भरून येतो. तिथेच थांबायचं. अर्धं मिनिट जास्त झालं की क्रीम फाटतं, कण सुटतात, खाली पाणी. नवख्या बाईला हे कळत नाही, आणि केकचं सगळं दुखणं तिथेच असतं. साईं सांगायचे, "फेटायला लागलीस की फोन कर. फोन भांड्याजवळ धर. बोलू नको."

मी एकदा हा प्रकार दुकानात उभं राहून पाहिला. बाजार तुम्हाला माहीत आहे, हातगाड्या, हॉर्न, जीन्स विकणाऱ्यांचा आरडाओरडा. साईंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, नुसता एक हात वर केला, आणि दुकान गप्प झालं. पोती उतरवणारा हमाल पोतं पाठीवर घेऊन तसाच थांबला. हिशेबाला घाई झालेल्या बायका गप्प. कुठे बदलापूरला नाहीतर पालेगावला कोणीतरी बाई आपल्या ओट्याशी क्रीम फेटतेय, आणि इकडे पाच-सहा माणसं श्वास रोखून उभी. साईंचे डोळे मिटलेले. आणि मग ते म्हणाले, "बस. बंद कर." फोन ठेवला आणि दुकान परत सुरू. मला हसू आवरेना. पण त्याच आठवड्यात मी स्वतः फोन केला, आणि त्यांनी बस म्हटलं तेव्हा टोपात बघितलं तर क्रीम असं उभं होतं की त्यात चमचा ठेवावा आणि सोडून द्यावा. त्यानंतर मी कोणाच्या तोंडून साईंची टिंगल ऐकून घेतली नाही.

त्यांचा मुलगा पलीकडे कॉम्प्युटरवर बिलं करायचा. वाईट मुळीच नव्हता. आपल्याला भाभी म्हणायचा, सामान रिक्षापर्यंत आणून द्यायचा. पण दिवसभर बाप गिऱ्हाइकं परतवतोय हे बघून त्याच्या जिवाची तगमग व्हायची. आता सगळ्या तऱ्हेच्या पावडरी मिळतात, चिमूटभर टाकली की कसलंही क्रीम उभं राहतं. त्याला त्या पुढच्या मांडणीवर लावायच्या होत्या. साईंनी त्या मागे ठेवायला लावलेल्या. "डॅडी, दुकान है, हॉस्पिटल नहीं है," असं तो म्हणायचा. साईं हसायचे.

मग एका वर्षी काहीतरी बदललं. आधी मला वाटलं, म्हातारपण. साईं फोन उजव्या कानाला लावायचे तो डाव्या कानाला लावायला लागले. मग स्पीकरवर. फोनवर नुसतं ऐकायचे ते प्रश्न विचारायला लागले, किती वेळ झाला, टोपाला बर्फ लावलाय का, पंखा चालू आहे का. समोर बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. एकदोन बायकांचं क्रीम फाटलं. त्या काही भांडायला आल्या नाहीत, पण बाजारात बोलणं होतंच. मुलाच्या कानावर गेलं. त्याने आमच्यादेखत बापाला सांगितलं, की आता अजून एक जरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं तर फोन माझ्याकडे राहील आणि तुम्ही वर घरात आराम करा. वर म्हणजे दुकानाच्या माळ्यावरचं घर. साईंनी मान हलवली. हो म्हणाले की नाही ते कळलं नाही. पण त्या दिवसापासून आम्हा नेहमीच्या बायकांना धाकधूक लागून राहिली. त्यांना त्या स्टुलावरून उठवलं तर तो माणूस वर बसून काय करणार, याचा विचार आम्हाला करवेना. टीव्ही ते बघत नसत. पत्ते खेळत नसत. त्यांना ते फोन यायचे, बस.

आणि अशात मला पालेगावची ऑर्डर आली.

पालेगावला पूर्वी भातशेती होती, आता टॉवर उभे राहताहेत. तिथल्या एका शेठचा शर्यतीचा बैल, नाव बुलेट. बुलेटचा वाढदिवस. हसू नका, आमच्याकडे हे चालतं. मांडव, डीजे, बॅनरवर बैलाचा गॉगल घातलेला फोटो, आणि गावजेवण. केक मोठा हवा, संध्याकाळी मांडवात उभा राहायला हवा, आणि महिना मे. मी शेठना सांगून बघितलं की उन्हाळ्यात तयार मिळणारं बिनदुधाचं क्रीम घेऊ, टिकतं. ते म्हणाले, "आमचा बुलेट असली हाय. तवा क्रीम पन असलीच पायजे." शेठच्या घरची तीन लग्नं त्या वर्षी ठरलेली होती, त्या सगळ्यांचे केक या केकवर अवलंबून. मी हो म्हटलं.

त्या सकाळी दुधाचं असली क्रीम टोपात ओतलं, बीटर लावला, आणि साईंना फोन केला. खरं म्हणजे तोवर मला करायला हवा होता असं नाही. पण एवढी मोठी ऑर्डर, धीर होईना. फोन भांड्याजवळ धरला. थोड्या वेळाने आवाज खाली बसला. मला तो बसलेला ऐकू आला. मी वाट बघत राहिले की ते बस म्हणतील. फोनमधून साईं म्हणाले, "चालू दे अजून." माझा हात बटणावर होता. पण साईं म्हणताहेत म्हणजे असेल, असं म्हणून मी चालू ठेवलं. आणि छपछप परत आली. टोपात बघितलं तर पिवळट कण आणि खाली पाणी. सगळं क्रीम फाटलं होतं.

मी फोन तसाच बंद करून ठेवून दिला. रिक्षा केली आणि उल्हासनगरला गेले, नवीन क्रीम आणायला. तक्रार करायला नव्हे, हे मी मनाशी घोकत गेले. दुकानात गर्दी होती. मुलाने विचारलं, क्या हुआ भाभी, इतकी घामाघूम? मी म्हटलं, क्रीम फाटलं. माझंच लक्ष नव्हतं, दारावर कुरियरवाला आला आणि मशीन चालू राहिलं. छान सफाईने सांगितलं. कुरियरवाला मला ऐन वेळी सुचला याचा मला अभिमान वाटला होता.

साईं स्टुलावरून माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं वाचलं त्यांनी.

"कुरियर नाही आला," ते म्हणाले. दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, कारण आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना आता कळत नसे. "मी बोललो चालू दे. इसकी गलती नहीं. मला आवाज आलाच नाही. बहुत दिन से नहीं आता."

मुलगा बिल करता करता थांबला. साईंनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, उठले, आणि त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला. दुकान तसंच गप्प झालं होतं, फक्त या वेळी कोणी हात वर केला नव्हता. मुलाने फोनकडे बघितलं, बापाकडे नाही. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा अजिबात नव्हता, एवढं मला नक्की सांगता येईल.

मला तर भूमी दुभंगावी असं वाटत होतं. पण साईंनी एवढ्यात चपला पायात घातल्या होत्या. नवीन क्रीम नको, म्हणाले, या उन्हात ते मांडवात दोन मिनिटं उभं राहणार नाही, हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. फाटलेलं फेकलंस का? नाही ना? मग चल. मुलगा म्हणाला, डॅडी, धूप है, तबियत बिगड़ेगी. साईंना ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

रिक्षात बर्फाची पिशवी मांडीवर घेऊन ते बसले. अंबरनाथ ओलांडून मोरिवलीच्या कारखान्यांपाशी आलो तेव्हा मला म्हणाले, कितीतरी वर्षांनी इकडे आलो, इथे एवढी दुकानं नव्हती. मग आपणहून सांगायला लागले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग एक दिवस फोनमधून नुसती भुणभुण यायला लागली, सगळ्या बायकांची सारखीच. मी विचारलं, मग इतके दिवस सांगत कसे होतात? म्हणाले, विचारून. टोप कसला, वेळ किती झाला, त्यावरून कळतं. बहुतेक वेळा कळतं. मग म्हणाले, "बहुतेक वेळा म्हणजे ऐकणं नाही ना, बेटा. अंदाज आहे. लोक माझ्या अंदाजावर केक करत होते." मी त्यांच्या मांडीवरची बर्फाची पिशवी माझ्याकडे घेतली, गळत होती.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. मी सांगितलं कोण आहेत ते. त्यांनी एकदा आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "हाच का तो, माझ्या लोन्याला नावं ठेवनारा?" साईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. सासूबाईंनी परत म्हटलं, मोठ्याने. साईंनी हात जोडले आणि म्हणाले, लोणी अच्छा था, बहनजी, पाणी जादा था. सासूबाई म्हणाल्या, आता नसतं. आणि बिनसाखरेचा चहा ठेवायला गेल्या, न सांगता. त्यांना मधुमेह कसा कळला कोण जाणे. मीच कधीतरी बोलले असेन.

मग आम्ही कामाला लागलो. साईंनी फाटलेलं क्रीम फडक्यात बांधायला लावलं. फाटलं म्हणजे वाया गेलं नाही, त्याचं लोणी झालं आहे, एवढंच. ते बर्फाच्या पाण्यात धुऊन मळायचं. ते काम सासूबाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं, तुला येत नाही म्हणून. गॅसवर मी दूध, साखर आणि मैद्याची खळ शिजवायला घेतली. साईं शेजारी उभे. पळी वर धरली की धार तुटायला नको, तिची रेघ टोपात उमटून राहायला हवी. झाली म्हटल्यावर ताटात पसरून बर्फावर ठेवायची, पार गार करायची, गरम घातलीस तर लोणी वितळेल आणि आपण दोघं रडू. हे झालं की लोणी फेटत फेटत त्यात ती गार खळ चमच्याचमच्याने घालायची. साखर त्या खळीत आधीच शिजलेली, ती आता कुठे पाणी शोधायला जाणार नाही. घट्ट होतं, पण चिवट होत नाही. उन्हाला थोडं तरी तोंड देतं.

मधेच ते ओट्याला टेकून म्हणाले की उद्यापासून फोन उचलणार नाही, मुलाला तसं सांगतो. कोणी खूप मागे लागलं तर? मी विचारलं. तर दुकानात या म्हणेन, बघून सांगेन, डोळे आहेत अजून. सहज म्हणाले. पण हात ओट्यावरून फिरत होता, काही सांडलेलं नसताना पुसत होता.

केकचं काय झालं ते सांगून टाकते. उभा राहिला. शेठच्या एसी गाडीतून मांडवात गेला, बुलेटच्या शिंगांना झेंडूच्या माळा होत्या, त्याला बाजूला ठेवलेला गुळाचा साधा तुकडा भरवला आणि क्रीमचा केक गावाने खाल्ला. तिन्ही लग्नांचे केक मला मिळाले. साईंच्या मुलाने पुढच्याच महिन्यात बापाला कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. बाजार फार ओरडतो म्हणे. वरच्या घरात काही ते गेले नाहीत, मुलानेही पुन्हा तो विषय काढला नाही. फोन गल्ल्यात पडून असतो. स्टुलावर बसून साईं अजूनही लोकांना साखर नाकारतात, आणि मुलगा अजूनही कपाळाला हात लावतो.

पण त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

साईं थकले होते. सासूबाईंनी त्यांना दाराशी खुर्ची दिली. तिथून त्यांना माझा चेहरा दिसत होता, टोप दिसत नव्हता, कारण तो मी बर्फाच्या परातीत ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला होता. मी बीटर लावला. ते म्हणाले, "मला सांगत जा. कसा येतोय आवाज?" मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, पातळ आहे अजून. थोड्या वेळाने परत विचारलं. मी म्हटलं, भर्रर्र येतोय, मोकळा. ते मान हलवत होते, डोळे मिटून नव्हे, माझ्या ओठांवर ठेवून. मी खळ घालत गेले, आवाज बदलत गेला, मी सांगत गेले. शेवटचे दोन चमचे घातले आणि बीटर एकदम जड झाला. मला कळलं. कोणाला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, हाताने आपोआप बटण बंद केलं. आयसिंग झालं होतं.

स्वयंपाकघर शांत. पंखा बंद, गॅस बंद. सासूबाई फडकं पिळता पिळता थांबल्या.

साईं खुर्चीत पुढे वाकले. "आता कसा येतोय?" त्यांनी विचारलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. या माणसाने सकाळी भर दुकानात, माझं खोटं बाजूला सारून, स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलं होतं. त्यांना खरं सांगायला हवं होतं, मला कळत होतं. मी बटण पुन्हा दाबलं.

"भरून येतोय, साईं," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं. "खाली बसलाय."

"बस," ते म्हणाले. "बंद कर."

मी बंद केलं.